मास्तरिणीचं नख

तपासनीस संध्याकाळचं फिरणं आटपून परतले तेव्हा त्यांना आधी दिसलं ते रक्त. कोंबडी नंतर दिसली.

रक्त मागच्या पायरीवर होतं. थेंब लहानच, पण ताजे. एक पायरीच्या कडेला, एक खाली फरशीवर, आणि मग वाळत घातलेल्या चादरीखालून थेट खुराड्याकडे गेलेली ओळ. तपासनीसांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि म्हणाले, "हं."

त्यांची उभी हयात आगगाडीत तिकिटं तपासण्यात गेली होती. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. दूधवाला कौतुकाने म्हणाला, "आजचं दूध अगदी ताजं आहे, साहेब," तर हे विचारायचे, "म्हणजे कालचं नव्हतं?" गल्लीत कुणी त्यांना नावाने हाक मारत नसे. सगळ्यांचे ते तपासनीस, आणि त्या हाकेत निम्मा मान असायचा, निम्मी चेष्टा. ते मान तेवढा ठेवून घेत.

चादर बाजूला सारली तर मागे मास्तरीण उभी. घरात तीन कोंबड्या होत्या, पण नाव सार्थ करणारी हीच. मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजून टाकत ती अंगणभर अशी फिरायची की बाकीच्या दोघी आपोआप रांगेत यायच्या. आता मात्र ती एका पायावर उभी होती. डावा पाय पोटाशी घेतलेला, आणि त्यातून टप टप रक्त गळत होतं. बाकीच्या दोघी लांबून माना तिरक्या करून त्या लाल थेंबांकडे पाहत होत्या. त्यांची नजर काही मायेची नव्हती.

दुसरा कुणी असता तर त्याने आधी कोंबडी उचलली असती. तपासनीसांनी आधी थेंबांचा माग काढला. खुराड्यापासून उलट्या दिशेने, चादरीखालून, पायरीवरून, कुंपणाच्या भिंतीकडे. शेवटचा थेंब भिंतीतल्या लोखंडी दाराशी होता.

हे दार म्हणजे जुनी भानगड. दोन्ही घरं कधीकाळी एकाच मालकाची होती, तेव्हाचं ते ये-जा करायचं दार. पलीकडे घड्याळजी राहायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड, एकटा जीव. पूर्वी दार उघडंच असायचं. पण एकदा कोंबड्या पलीकडे गेल्या आणि त्यांनी घड्याळजीची टोमॅटोची रोपं उकरून त्यांचा पार निकाल लावला. घड्याळजी मुळात कमी बोलणारा. त्या दिवशी तो चिखलाने भरलेलं रोप हातात घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, "तुमच्या कोंबड्यांना आवरा साहेब. नाहीतर एक दिवस..." वाक्य तिथेच सोडून तो वळून निघून गेला.

तपासनीसांना शिवीचं काही वाटलं नसतं. अर्धवट वाक्याने मात्र त्यांची झोप उडवली. त्यांनी त्याच दिवशी दाराच्या कडीला तारेचे वेढे घातले आणि बोलणं बंद केलं.

आता त्यांनी ती तार पाहिली. लांबून तार जागच्या जागी होती. जवळ जाऊन बोट लावलं तर ती नुसती कडीवरून ओघळली. वेढे होते, पीळ नव्हता. कुणीतरी ती सोडवून, बांधल्यासारखी दिसावी म्हणून परत अडकवून ठेवली होती.

त्यांनी दार ढकललं. हे दार कुरकुरायचं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं. आज ते लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. बिजागरीवर बोट फिरवून त्यांनी वास घेतला. पातळ, स्वच्छ तेल. घड्याळात घालतात तसलं.

दाराच्या खालच्या कडेला एक पिसाचा तुरा चिकटला होता, आणि त्याच्या शेजारी तांबूस डाग. पलीकडच्या बाजूची सगळी फरशी कोरडी ठणठणीत, पण दाराजवळचा तेवढाच तुकडा ओला. नुकताच पाणी टाकून धुतलेला.

"अस्सं," तपासनीस स्वतःशीच म्हणाले. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना दिसलं होतं. दाराला तेल घालायचं, म्हणजे आवाज नको. तार सैल करायची, म्हणजे संशय नको. कोंबडीला पलीकडे येऊ द्यायचं आणि मग दार आपटायचं. वर फरशी धुऊन मोकळं व्हायचं. वाक्य पूर्ण झालं होतं. "नाहीतर एक दिवस..." तो दिवस आजचा.

"अक्का!" ते ओरडले.

अक्का स्वयंपाकघरात होत्या. तपासनीसांच्या थोरल्या बहीण. तपासनीसांची बायको गेल्यावर त्या इथे राहायला आल्या त्या आल्याच. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत.

"काय झालं ओरडायला?"

"मास्तरिणीचं नख तोडलंय कुणीतरी. रक्त वाहतंय."

आत काहीतरी खणकन पडलं. अक्का दाराच्या चौकटीला हात लावत बाहेर आल्या. "आणि तू उभा काय राहिलायस? उचल तिला!"

"आधी मला सांग, मी नसताना इथे कोण आलं होतं?"

"उचल म्हणते ना! चौकशी मागाहून कर. ती काय तुझ्या गाडीतली प्रवासी आहे होय?"

कोंबडी पकडणं दिसतं तितकं सोपं नसतं, आणि दुखावलेली कोंबडी तर नाहीच नाही. तपासनीसांनी तिला कोपऱ्यात गाठलं तेव्हा तिने पंख असे फडफडवले की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. शेवटी जुन्या टॉवेलात गुंडाळली. पंख अंगाशी दाबून धरल्यावर ती जरा गप्प झाली. तिला मांडीवर घेऊन ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पाय बाहेर काढून पाहिलं तर मधल्या बोटाचं नख मुळाशी फाटलं होतं. वरचं टणक कवच निम्मं उखडून एका बाजूला लोंबत होतं, आत लालभडक मऊ मांस उघडं पडलं होतं, आणि तिथूनच रक्त येत होतं.

"लोंबतंय ते कापायला हवं," तपासनीस म्हणाले. "नाहीतर ते कुठेतरी अडकेल आणि पुन्हा फाटेल. तू काप, मी धरतो."

अक्कांनी कात्री घेतली. वाकल्या, अगदी जवळ आल्या. कात्रीचं टोक नखापासून चांगलं बोटभर लांब, हवेत उघडलं आणि मिटलं.

"अगं, इकडे!"

"कळतंय मला." अक्कांनी पुन्हा कात्री उघडली. या वेळी ती टॉवेलाच्या झालरीला लागली. कात्री खाली ठेवून त्यांनी कापसाकडे हात नेला, तर हात कापसाच्या शेजारी ओट्यावर पडला आणि चाचपडत कापसापर्यंत गेला. घाबरलीय, तपासनीसांना वाटलं. रक्त पाहून हातपाय गळालेत तिचे.

"माझ्याच्याने नाही होणार," अक्का म्हणाल्या. "घड्याळजींना बोलाव."

"त्याला? त्याला बोलावू?"

"बारीक काम आहे. त्यांचा हात स्थिर आहे, हत्यारं आहेत."

"अक्का, तुला माहीत नाही. चोराच्या हाती किल्ल्या द्यायला सांगतेयस तू."

"तू नाही बोलावत तर मी बोलावते." आणि तपासनीस काही म्हणायच्या आत त्या मागच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी हाक मारली. एकच, आणि फार मोठीही नाही.

घड्याळजी आला तो जणू उंबऱ्यावरच उभा असावा तसा. हाक विरायच्या आत लोखंडी दार उघडलं, बिनआवाजाचं. तपासनीसांनी कान टवकारून खात्री केली. बुटका, टक्कल पडलेला माणूस. एका डोळ्यावर चढवायचं भिंग कपाळावर सरकवलेलं. हातात कापूस, तुरटीचा खडा, पट्टीचं भेंडोळं, छोटा चिमटा आणि लहान कातरी. हाकेत कुणी कापूस म्हटलं नव्हतं. तुरटी तर नाहीच नाही.

"तयारीने आलात," तपासनीस म्हणाले. किती महिन्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

घड्याळजी अक्कांकडे वळला. "अक्का, कोमट पाणी द्या थोडं, मीठ घालून. आणि मक्याचं पीठ असलं तर वाटीत." मग स्टूल ओढून तो तपासनीसांच्या समोर बसला. "मधलं बोट ना?"

तपासनीसांची मान वर आली. मास्तरिणीचा पाय तोवर पुन्हा टॉवेलाच्या आत गेला होता. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं मधलं बोट?"

"अंदाज."

"छान अंदाज आहे."

"पाय बाहेर काढा साहेब. रक्त जातंय."

अक्कांनी पाणी आणलं. घड्याळजीने भिंग डोळ्यावर ओढलं आणि कामाला लागला. पाय पाण्यात बुडवून धूळ, शेण, सुकलेलं रक्त धुऊन काढलं. पाणी गुलाबी झालं. मग पाय हलक्या हाताने टिपून त्याने चिमट्याने लोंबतं कवच जरासं उचललं. ओढलं नाही. ओढलं असतं तर उरलेलंही निघालं असतं. "घट्ट धरा," म्हणाला, आणि लहान कातरीने ते तिरकं, मांसाला न लावता, एका झटक्यात उडवलं. मास्तरीण एकदाच किंचाळली. पण तपासनीस कोंबडीकडे पाहत नव्हते. ते घड्याळजीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एवढी बोटं जपून चालवणारा माणूस दार आपटेल? मग त्यांनीच स्वतःला उत्तर दिलं, गाडीतला सगळ्यात सभ्य दिसणारा प्रवासीच बिनतिकीट असायचा.

घड्याळजीने तुरटी ओली करून जखमेला टेकवली, वर चिमूटभर मक्याचं पीठ दाबलं, त्यावर कापूस. "आता हे दाबून धरा. नुसतं धरा. उघडून बघायचं नाही."

तपासनीसांनी अंगठा आणि बोट यांच्यात कापूस धरला. नळ ठिबकत होता. अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या. थोडा वेळ गेला आणि तपासनीसांना राहवेना. थांबलं की नाही? त्यांनी कापसाची कड हळूच उचलली. पिठाची खपली तिच्याबरोबर उचलली गेली, आणि लाल थेंब पुन्हा फुगून वर आला.

"बघू नका म्हटलं होतं," घड्याळजी म्हणाला. पुन्हा पीठ, पुन्हा कापूस.

"मी खात्री करत होतो."

"खात्रीने रक्त थांबत नाही, साहेब. धरून ठेवल्याने थांबतं."

हे तपासनीसांना झोंबलं. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं. मांडीवर कोंबडी, बोटांत तिचं बोट. उठता येत नव्हतं, हातवारे करता येत नव्हते. बसल्या बसल्याच त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"दाराला तेल कुणी घातलं?"

घड्याळजी पट्टी कापत होता. तो थांबला. "मी."

"तार कुणी सोडवली?"

"मीच."

"फरशी कशाला धुतलीत आज? सगळं अंगण सोडून दाराजवळचीच तेवढी?"

घड्याळजी पुन्हा पट्टी कापू लागला.

"या मुक्या जिवाने तुमचं काय बिघडवलं होतं? रोपं? रोपांची भरपाई मागायची होती, मी दिली असती. असं लपून, तेल घालून, दार आपटून..." त्यांचा आवाज चढला तशी मास्तरीण टॉवेलात वळवळली. ते पुन्हा खालच्या आवाजात म्हणाले, "असं करायचं?"

घड्याळजीने भिंग कपाळावर सारलं. क्षणभर त्याची नजर अक्कांकडे गेली आणि लगेच परतली. तपासनीसांनी ती टिपली. अशा नजरा टिपण्यातच त्यांचा जन्म गेला होता. दोन माणसं एकाच तिकिटावर चाललेली असली की ती एकमेकांकडे अशीच पाहतात.

"असं समजा की मीच केलं," घड्याळजी म्हणाला. "झालं? आता पट्टी बांधू द्या."

"असं समजा म्हणजे? केलंत की नाही केलंत?"

"केलं."

"कधी?"

"संध्याकाळी. तुम्ही फिरायला गेल्यावर."

"दार लावताना?" हे अक्कांनी विचारलं होतं. त्यांचा खणखणीत आवाज एकदम बारीक झाला होता. "घड्याळजी, मी निघाले तेव्हा का? मागे काहीतरी ओरडलं होतं. मी विचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मांजर असेल."

घड्याळजी खाली मान घालून पट्टी गुंडाळू लागला. फार घट्ट नाही, फार सैल नाही.

"दार मी ओढलं," अक्का म्हणाल्या. "ती माझ्या मागून आली असणार. माझ्या बाजूलाच असणार ती, आणि मला..." त्यांनी ओट्याची कड धरली. "मला दिसली नाही."

"दिसली नाही म्हणजे?" तपासनीस म्हणाले. "एवढी मोठी कोंबडी? आणि तू पलीकडे गेली होतीस कशाला?"

एकदम एका भलत्याच शंकेची पाल त्यांच्या मनात चुकचुकली. रोज संध्याकाळी ते बाहेर. दाराला तेल. सैल तार. एकटा माणूस. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, घड्याळजीकडे पाहिलं, पुन्हा अक्कांकडे.

अक्कांनी ती शंका त्यांच्या चेहऱ्यावर वाचली आणि त्या परिस्थितीतही त्यांना हसू आलं. "नाही रे बाबा. तेवढं सुख माझ्या नशिबी कुठलं!" घड्याळजीचं टक्कल लाल झालं. मग अक्का स्टूल चाचपून बसल्या आणि म्हणाल्या, "काचबिंदू आहे मला. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय. नळकांड्यातून बघावं तसं दिसतं. थेंब टाकावे लागतात दोन वेळा. सकाळचा माझा मी टाकते, तो निम्मा गालावर जातो. संध्याकाळचा हे टाकतात."

पट्टी बांधून झाली तरी मास्तरिणीचं बोट तपासनीसांच्या बोटांत तसंच होतं. ते सोडायचंही त्यांना सुचलं नाही.

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. ह्यांच्या दुकानात भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेले होते. काचेच्या कपाटावर आदळले. तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं."

"मावसबहिणीकडे जाते म्हणून दिवसभर गेली होतीस, तो दिवस?"

"डॉक्टरकडे गेले होते. हे आले होते बरोबर."

"आणि दुसऱ्यांदा, तिच्या नातवाच्या..."

"तेव्हाही डॉक्टरच."

तपासनीस घड्याळजीकडे वळले. "आणि तुम्ही हे माझ्यापासून लपवलंत."

"त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

"आणि आजचं? ते तर तिलाही सांगितलं नाहीत."

घड्याळजीने हत्यारं एकेक करून रुमालात ठेवली. "कोंबडीवर त्यांचा जीव आहे," म्हणाला. "आपल्याच हातून झालं कळलं असतं तर त्या परत दाराला हात लावायला भ्यायल्या असत्या. दारात अडकलेलं मधलं बोट मी पाहिलं होतं. कोंबडी धरायला निघालो, पण ती तुमच्या अंगणात पळाली, आणि तुमच्या अंगणात पाय ठेवायची मला बंदी. मग हाक येण्याची वाट बघत बसलो."

एवढं सगळं तो एका दमात कधी बोलला नसावा. बोलून झाल्यावर तो स्वतःच ओशाळला, उठला, आणि "हिला आज वेगळी ठेवा, लाल दिसलं की दुसऱ्या चोची मारतील," असं सांगून मागच्या दाराने निघून गेला.

बहीण-भाऊ दोघेच राहिले. तिसरी मास्तरीण, जी आता डोळे अर्धे मिटून टॉवेलात पेंगत होती.

तपासनीसांना आधी राग आला. तो सरळ, ओळखीचा राग होता. आपल्याला फसवलं. हजारो अनोळखी माणसांची लबाडी चेहऱ्यावरून ओळखणारे आपण, आणि स्वतःच्या घरात, एका ताटलीच्या अंतरावर बसणारी बहीण रोज आपल्या समोरून बिनतिकीट गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मग रागाच्या मागून काहीतरी दुसरं आलं, आणि त्याला काय म्हणावं हे त्यांना कळेना. गेल्या कित्येक दिवसांतल्या गोष्टी एकेक करून उभ्या राहू लागल्या. पेला लवंडलेला. दाराच्या चौकटीला धरून चालणं. भातात न दिसलेला खडा. प्रत्येक वेळी त्यांनी पाहिलं होतं. प्रत्येक वेळी विचारलंही होतं, "लक्ष कुठे असतं तुझं?"

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"तू विचारत बसशील म्हणून."

"विचारणारच ना! मी भाऊ आहे तुझा."

"तू विचारतोस ना, तेव्हा मला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं." अक्का शांतपणे बोलत होत्या. "मागे जिन्यावर पाय घसरला माझा. नुसतं खरचटलं. तू काय केलंस? गच्चीला कुलूप घातलंस. किल्ली खिशात. मला गच्चीवर बसायला आवडतं हे तुला माहीत होतं. म्हटलं, डोळ्यांचं कळलं तर आता चूल जाईल. मग कोंबड्या. मग अंगण. मग मी कुठे बसू रे? तुझ्या देखरेखीखाली, खुर्चीत?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीतेय. म्हणून तर बोलता आलं नाही. वाईटासाठी केलं असतंस तर चांगली भांडले असते."

तपासनीसांचं एक उत्तर तयार झालं होतं, चांगलं मुद्देसूद, पण ते ओठांवर येईपर्यंत अक्कांचा हात मास्तरिणीला गोंजारायला पुढे आला. तो आधी टॉवेलाच्या बाजूला रिकाम्या हवेत गेला, थांबला, आणि मग वळून कोंबडीच्या मानेवर आला. अक्कांनी ही चूक इतक्या सराईतपणे दुरुस्त केली की दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. तपासनीसांना कळली, आणि त्यांनी उत्तर गिळलं.

त्यांनी मास्तरिणीसाठी खोकं शोधलं, त्यात जुनं सुती कापड अंथरलं, पाणी आणि दाणे ठेवले, आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लावलं. मग सदरा बदलायला गेले. परत आले ते किल्ली घेऊनच.

"ही घे," म्हणाले. "पण जिन्याला कठडा बसवेपर्यंत मी बरोबर येणार."

"येणार म्हणजे? विचारतोयस की सांगतोयस?"

तपासनीसांनी जरा विचार केला. "विचारतोय."

"मग ये."

पुढचे दिवस काही गोडीगुलाबीत गेले असं नाही. स्वभावाला औषध नसतं. तपासनीसांनी थेंबांची बाटली ताब्यात घेऊन तिच्यावरची तारीख तपासली. डॉक्टरकडे तिसऱ्या खेपेला तेही गेले, आणि त्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र थेंबांनी राखता येईल, असं त्या म्हणाल्या. "येणार नाही म्हणजे नक्की?" तपासनीसांनी विचारलं. "नक्की," बाई म्हणाल्या. यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. येताना बसमध्ये ते अक्कांच्या डाव्या बाजूला बसले, कारण डावीकडचं जास्त गेलं होतं, आणि वाटभर बाहेर पाहत राहिले.

घड्याळजीशी बोलायचं कसं, हा मोठा पेच होता. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. नोकरीत कधी गरजच पडली नव्हती. शेवटी एका सकाळी ते चालू असलेलं मनगटी घड्याळ घेऊन त्याच्या दुकानात गेले.

घड्याळजीने भिंग लावून ते उघडलं, पाहिलं, मिटलं. "काही झालेलं नाही याला."

"मागे पडतं असं मला वाटलं."

"मागे पडत नाही."

"माझ्याच मनात आलं असेल," तपासनीस म्हणाले. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "माझ्या मनात काहीही येतं. त्या दिवशीही आलं."

घड्याळजीने घड्याळ परत दिलं. "मीसुद्धा फरशी धुवायला नको होती," म्हणाला. "बघणाऱ्याला काय वाटणार?" आणि मग, बऱ्याच वेळाने, "रोपं तुमच्या कोंबड्यांनीच उकरली होती. त्यात मात्र शंका नाही."

"त्यात नाही," तपासनीसांनी कबूल केलं.

मास्तरिणीची पट्टी ते रोज बदलत. बोट सुजलंय का, गरम लागतंय का, वास येतोय का, हे इतक्या वेळा पाहत की अक्का म्हणाल्या, "तिला जरा तिचं बोट तिच्याकडे राहू दे." रक्त परत आलं नाही. जखमेवर काळी खपली धरली, पाय टेकू लागला, आणि एके दिवशी खोक्यातून स्वतःच उडी मारून ती अंगणात गेली. बाकीच्या दोघींनी तिला एकदा चोच मारून पाहिली. तिने उलटून दोघींना अशी टोचली की प्रश्नच मिटला.

एका संध्याकाळी घड्याळजी दुकानाच्या कामाने बाहेर गेला होता. अक्कांनी स्टूल खिडकीपाशी ओढलं, त्यावर बसल्या आणि मान मागे टाकली. "आज तू टाक."

तपासनीसांनी हात धुतले. बाटली घेतली, उजेडात धरून पाहिली. अक्कांची खालची पापणी बोटाने हलकेच ओढली. आत डोळा होता, ओलसर, तपकिरी, त्यांच्या आईसारखा. इतक्या जवळून त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. त्यात काही बिघडलंय असं बाहेरून काहीसुद्धा दिसत नव्हतं.

त्यांनी बाटली दाबली. पहिला थेंब कानापाशी गेला.

"गेला का आत?" त्यांनी विचारलं.

"कानात औषध घालायला नव्हतं सांगितलं," अक्का म्हणाल्या. "पुन्हा टाक. आणि लवकर, मान अवघडली माझी."